रान खारवताना ‘किती दिवस’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच किलोची मटणाची रान, म्हणजे मागची अख्खी मांडी, हाडासकट. पाणी उकळून त्यात अंदाजाने मूठ-मूठ मीठ घातलं, ते कोमट असतानाच रान त्यात सोडली, ४ दिवस फ्रिजमध्ये ठेवली आणि मग कुकरला लावली. बाहेरचा थर इतका खारट की तोंडात घालवत नाही, हाडाजवळ मात्र अळणी आणि राखाडी, आणि सांध्यापाशी जरासा कुबट वास. तर पुढच्या वेळी किती दिवस ठेवू, हॅमसारखा, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांडीसारखा, गुलाबी रंग कसा येतो, आणि आत्ता उरलेलं मांस पुन्हा उकळून संपवलं तर चालेल का.

आधी शेवटच्याचं उत्तर देतो: नाही, टाकून द्या. बाहेरचा चांगला वाटणारा भागसुद्धा. जीवावर येतं माहितीये, पण हाडाजवळ वास धरलेला तुकडा वाचवायच्या भानगडीत मी कधीच पडत नाही. मिठात तग धरणारे जंतू असतात आणि त्यातल्या काहींनी मांसात सोडलेलं विष उकळूनही जात नाही, त्यामुळे ‘परत नीट शिजवून घेऊ’ हा हिशोब इथे चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही विचारताय किती दिवस, आणि जो तो हेच विचारतो, पण तुमच्या रानेचं जे झालं ते दिवस कमी पडले म्हणून झालेलं नाही, किंवा फक्त तेवढ्यामुळे नाही. पाण्यात मीठ किती होतं हे तुम्हालाच माहीत नाही, मग दिवस सांगणार कसे? कडक खाऱ्या पाण्यात ४ दिवसांत बाहेरून खारट आणि आतून अळणी, सौम्य पाण्यात ४ दिवसांत सगळीकडूनच अळणी. आणि दोन्ही वेळेला मीठ हाडापर्यंत पोचलेलं नसतं, कारण रानेचा जाड भाग १० सेंटीमीटरच्या वर असतो आणि मीठ आत सरकतं ते अगदी सावकाश. वर तुम्ही पाणी कोमट वापरलंत, म्हणजे हाडाजवळचं मांस गार व्हायला कितीतरी तास जास्त लागले, तिथे मीठही नाही आणि थंडावाही नाही. कुबट वास नेमका त्याच जागी आला यात आश्चर्य नाही. खारवलेल्या मांडीत बिघाड सुरू होतो तो जवळजवळ नेहमी सांध्यापासून, बाहेरून नाही, आणि बाहेरून बघून कळतही नाही.

म्हणून माझं सगळं काम दोन गोष्टींभोवती फिरतं, मीठ वजन करून घेणं आणि ते हाडापर्यंत स्वतः नेऊन पोचवणं. हे जमलं की दिवस थोडे इकडेतिकडे झाले तरी काही बिघडत नाही.

मीठ मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत म्हणजे कडक पाणी, १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त, ज्यात अंडं तरंगतं म्हणतात ते. ती वाईट नाही, पण तिच्यात वेळेचा अंदाज अचूक असावा लागतो, एक दिवस जास्त झाला की खारट, आणि मग रान साध्या पाण्यात भिजत घालून मीठ काढत बसायचं. त्यात गेलेलं मीठ बाहेरच्या थरातून जातं, आतला भाग अळणीचा अळणीच. घरी करणाऱ्याला मी दुसरी पद्धत सांगतो: मांस आणि पाणी दोन्हीचं मिळून वजन धरायचं आणि त्या एकूण वजनाला शेवटी जितकं मीठ हवं तितकंच घालायचं. मग काही दिवसांनी मीठ मांसात आणि पाण्यात सारखं वाटलं जातं आणि तिथेच थांबतं. दोन दिवस उशीर झाला तरी जास्त खारट होऊच शकत नाही, कारण जास्तीचं मीठ मुळात भांड्यात नाहीच.

तुमच्या रानेचा हिशोब करून दाखवतो. अडीच किलोत हाड साधारण अर्धा किलो धरा (जनावराप्रमाणे कमी-जास्त होईल), म्हणजे मांस २ किलो. हाडाचं वजन मी हिशोबात घेत नाही, ते मीठ फारसं पीत नाही आणि ते धरलं तर मांसाच्या वाट्याला ठरवल्यापेक्षा जास्त येतं. पाणी २ लिटर, म्हणजे २ किलो. एकूण ४ किलो. रान पाण्यात शिजवायची असेल तर मी ३ टक्के मीठ धरतो, कारण शिजताना थोडं पाण्यात उतरतंच, म्हणजे १२० ग्रॅम. ओव्हनमध्ये भाजायची असेल तर मीठ कुठेच जात नाही, उलट पाणी उडून ते जास्त जाणवतं, तेव्हा सव्वादोन टक्के, म्हणजे ९० ग्रॅम पुरे. साखर १ टक्का, ४० ग्रॅम. ती गोड करायला नसते, खारटपणाची धार जरा बोथट करायला असते, नको असेल तर वगळा. आणि २ लिटर पाण्यात रान बुडत नसेल तर भांडं बदला, पाणी वाढवू नका. उंच अरुंद भांडं किंवा भांड्याच्या आत जाड पिशवी वापरून हवा काढून तोंड बांधलंत की एवढ्या पाण्यात रान नीट झाकली जाते. तरीही वाढवायलाच लागलं तर सगळा हिशोब नव्याने करायचा, नुसतं वरून पाणी ओतायचं नाही.

मीठ कुठलं हा वाद मला निरर्थक वाटतो. आयोडीनवालं साधं मीठ चालतं, फार तर पाणी किंचित गढूळ दिसतं. फक्त चमचे आणि वाट्या वापरू नका, कारण बारीक मीठ आणि खडे मीठ यांच्या एका वाटीच्या वजनात बराच फरक पडतो. काटा हवा, आणि पुढे जे सांगणार आहे त्यासाठी तर ग्रॅमपर्यंत नीट दाखवणाराच हवा.

आता गुलाबी रंग. तो मिठाने येत नाही, सोडियम नायट्राइटने येतो. मांसातल्या तांबड्या रंगद्रव्याशी त्याची प्रक्रिया होते आणि शिजवल्यावर तो गुलाबी रंग पक्का होतो. नायट्राइट नसेल तर मीठ कितीही मुरलं तरी शिजवलेलं मटण राखाडी-तपकिरीच होणार, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण रंग हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूला अडवणं, ज्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. शिवाय हॅमची जी ओळखीची चव असते तीही बरीचशी त्याचीच, आणि शिजवलेलं मांस दुसऱ्या दिवशी जे शिळकट लागतं तेही याने बरंच कमी होतं.

ते शुद्ध स्वरूपात घरात आणायचं नाही, अजिबात नाही. शुद्ध सोडियम नायट्राइट काही ग्रॅम पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो आणि दिसायला ते मिठासारखंच असतं. आपल्याला हवं ते क्युअरिंग सॉल्ट नंबर १, ज्यात ६.२५ टक्के नायट्राइट आणि बाकी साधं मीठ असतं आणि चुकून वापरलं जाऊ नये म्हणून मुद्दाम गुलाबी रंग घातलेला असतो. हिमालयन गुलाबी मीठ वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि ही गल्लत दोन्ही बाजूंनी धोक्याची आहे. नंबर २ मध्ये नायट्रेटही असतं, ते महिनोन्‌महिने सुकवायच्या मांसासाठी, आपल्याला नको. काही देशांत जे तयार मिश्रण मिळतं त्यात नायट्राइट अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं आणि ते नेहमीच्या मिठाच्या जागी पूर्णच वापरायचं असतं, त्यामुळे पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय माझं प्रमाण उचलू नका.

६.२५ टक्केवाल्याचं प्रमाण: एकूण वजनाच्या पाव टक्का. आपल्या ४ किलोला १० ग्रॅम. त्यात नायट्राइट भरतं ०.६२५ ग्रॅम, म्हणजे दर दहा लाख भागांत साधारण १५६ भाग, आणि हॅमसारख्या मांसासाठी हे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरलं जातं. या १० ग्रॅममध्ये ९ ग्रॅमच्या वर साधं मीठच असतं, म्हणून आधीच्या १२० मधून तेवढं वजा करून साधं मीठ ११० ग्रॅम घाला. जास्त घातलं तर जास्त गुलाबी होईल असं काही नसतं, तेव्हा हात सैल सोडायचा नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकाच्या मिठापासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा.

नायट्राइट वापरायचंच नसेल तर? चालेल, पण मग काय काय सोडावं लागेल ते माहीत असू द्या. रंग राखाडी राहील, चव खारवलेल्या मटणाची येईल, हॅमची येणार नाही, आणि कमी तापमानावर तासन्‌तास धूर देणं वगैरे प्रकार करायचे नाहीत. फ्रिजमध्येच खारवा, लगेच शिजवा, दोन-तीन दिवसांत संपवा. सुरमीठ, म्हणजे सोऱ्याबद्दल कोणीतरी सांगेलच तुम्हाला. त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट जंतू करतात तेव्हा त्याचा उपयोग होतो, आणि फ्रिजच्या थंडीत ते किती होईल याचा काही भरवसा नसतो, म्हणून मी ते सुचवत नाही. सेलरी पावडरवाला ‘नैसर्गिक’ प्रकार तर मला गमतीचाच वाटतो, त्यातूनही शेवटी नायट्राइटच मिळतं, फक्त किती ते घरी मोजता येत नाही. आणि तब्येतीचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोग होऊ शकणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, त्यात हे सगळं खारवलेलं मांस आलंच. मी स्वतः ते कधीतरी करायची आणि थोडं खायची गोष्ट म्हणून धरतो. रोजचं जेवण म्हणून नाही.

रान घेताना ती नुकतीच कापलेली, अजून ऊब असलेली नको. हाडापर्यंत पूर्ण गार झालेली हवी, म्हणजे निदान एक दिवस फ्रिजमध्ये राहिलेली. फ्रोझन चालते, उलट बर्फाने तंतू जरा सैल झालेले असल्यामुळे मीठ लवकर शिरतं, पण ती फ्रिजमध्येच पूर्ण सुटू द्या, मध्ये बर्फाचा गड्डा राहिला तर तिथे काहीच पोचणार नाही.

साफ करताना तीन गोष्टी बघतो. वरचा कोरडा पापुद्रा काढतो आणि चरबी पातळ थराएवढीच ठेवतो, कारण मटणाचा उग्र वास मुख्यतः चरबीतच असतो, विशेषतः मेंढीच्या. बकऱ्याच्या रानेत चरबी तशीही कमी, तिथे काढायला फारसं काही नसतं. दुसरं, गुडघ्याच्या मागच्या बाजूला वर, दोन मोठ्या स्नायूंच्या मधल्या चरबीत एक करडी-तपकिरी गाठ असते, बोटाच्या पेराएवढी. ती लसिकाग्रंथी, ती काढून टाका, शिजल्यावर त्या भागाला एक वेगळाच कडवट वास येतो आणि लोक मग मिठाला नाहीतर मसाल्याला दोष देतात. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, खुब्याचं हाड. वरच्या टोकाला कमरेच्या हाडाचा जो तुकडा राहिलेला असतो तो खाटकाकडूनच काढून आणा. तो निघाला की खुब्याचा सांधा उघडा होतो, आणि जी जागा सगळ्यात आधी बिघडते तिथे पाणी थेट लागतं. पूर्ण हाड काढून रान बांधून घेतली तर काम आणखी सोपं. पहिल्या वेळेला मी तेच करायला सांगेन, पण हाडासकट रानेचा थाट वेगळा असतो, त्यामुळे आग्रह करत नाही.

पाणी तयार करताना सगळं पाणी उकळायची गरज नाही. अर्धा लिटरमध्ये मीठ, साखर आणि मसाले एक उकळी काढा, उरलेलं दीड लिटर थंडगार पाणी त्यात ओता, आणि पूर्ण गार झाल्यावर क्युअरिंग सॉल्ट विरघळवा. मग हे पाणी फ्रिजमध्ये ठेवून रानेइतकंच थंड करा आणि त्यानंतरच रान त्यात जाईल. या एका गोष्टीत सूट नाही. मसाल्यांत मिरे, तमालपत्र, लवंग, धणे, चार लसणीच्या पाकळ्या, बस. अख्खा मसाल्याचा डबा रिकामा करण्यात अर्थ नाही. मीठ, साखर, नायट्राइट हे बारीक कण पाण्यात विरघळून आत जातात, मसाल्यांचा सुवास मात्र बहुतेक तेलात विरघळणारा, तो वरच्या थरातच अडकतो. खरा मसाला शिजवतानाच्या पाण्यात घाला. लिंबू, व्हिनेगर, दही असलं आंबट काहीही या पाण्यात नको, आंबटाने नायट्राइट लवकर मोडतं आणि त्यातून वायू सुटतात, शिवाय मांसाचा वरचा भाग पिठूळ होतो.

आता इंजेक्शन. हे लोकांना उगाच मोठं प्रकरण वाटतं, पण तुमचा प्रश्न सोडवणारी गोष्ट हीच आहे. मांसासाठी मिळणारी जाड सुईची सिरिंज घ्या. तयार पाण्यातूनच, वेगळं करून नाही, मांसाच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे २०० मिली पाणी गाळून घ्या, नाहीतर मिऱ्याचा कण सुईत अडकतो. सुई हाडाला टेकेपर्यंत आत घाला, किंचित मागे ओढा आणि हळूहळू दाबत बाहेर या. हाडाच्या दोन्ही बाजूंनी, खुब्याच्या सांध्याभोवती, गुडघ्याच्या सांध्याभोवती, आणि मग जाड भागात दोन-तीन बोटांच्या अंतरावर. निम्मं पाणी हाडाच्या आणि सांध्यांच्या आसपासच गेलं पाहिजे. थोडं बाहेर गळेल, ते त्याच भांड्यात पडू द्या, म्हणजे हिशोब बिघडत नाही.

भांडं काचेचं, स्टीलचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ नको. रान वर तरंगते म्हणून तिच्यावर ताटली आणि वजन ठेवा, पाण्याबाहेर काही राहायला नको. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवा, दारापाशी तापमान सारखं वरखाली होतं. २ ते ४ अंश हवं, आणि फ्रिजच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत एक साधा थर्मामीटर ठेवून बघा. ५ च्या वर गेलं तर धोका वाढतो, १ च्या खाली गेलं तर मुरणं फारच मंदावतं. रोज किंवा एक दिवसाआड रान उलटी करा आणि पाणी ढवळा, कारण एकाच जागी पडून राहिलं की टेकलेल्या भागाला मीठ कमी लागतं.

तर दिवस. इंजेक्शन दिलेली तुमच्या मापाची रान ६ ते ७ दिवस. हाड काढून बांधलेली असेल तर तेवढेच, थोडे कमीही चालतील. इंजेक्शन न देता नुसती बुडवून ठेवली तर दोन आठवडे धरा, आणि तरीही हाडाजवळचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. १० दिवस झाले आणि शिजवायला सवड नाही मिळाली तरी ठीक, मीठ वाढणार नाही हे वर सांगितलंच.

मधल्या काळात पाणी बघत राहा. ते गुलाबीसर लाल होतं, थोडा फेस येतो, तो नॉर्मल. पण पाणी दाट, बुळबुळीत झालं, चमच्याने उचललं तर तार सुटायला लागली, किंवा आंबूस-कुबट वास आला तर सगळं फेकून द्या. पाणी बदलून मांस वाचवायचा सल्ला जुन्या लोकांकडून मिळतो, मी तो घरगुती कामाला देत नाही. आणि एकदा वापरलेलं पाणी दुसऱ्या रानेला वापरायचं नाही, त्यात किती मीठ आणि किती नायट्राइट उरलंय हे कोणालाच माहीत नसतं.

बाहेर काढल्यावर गार पाण्याखाली धुवा, पुसा, आणि जाळीवर ठेवून उघडीच एक दिवस फ्रिजमध्ये राहू द्या. या दिवसात आतलं मीठ आणखी सारखं होतं. लोक हा दिवस घाईत गाळतात, गाळू नका. याच वेळी एक लांब स्टीलची सळई हाडाला लागून सांध्यापर्यंत खुपसा, बाहेर काढून लगेच हुंगा. खारट, स्वच्छ मांसाचा वास आला पाहिजे. आणि शिजवण्याआधी कडेचा एक छोटा तुकडा कापून तव्यावर परतून चाखा. जास्त खारट वाटला तर रान फ्रिजमध्येच थंड पाण्यात तीन-चार तास भिजवा, या पद्धतीत सहसा लागत नाही पण तुमची जीभ वेगळी असू शकते.

शिजवण्याबाबत एवढंच म्हणेन की कुकर हा या मांसाचा शत्रू आहे. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, चिवट भाग मऊ होतात हे खरं, पण तंतू इतके आवळतात की आठवडाभर मुरवून मांसात जे पाणी धरून ठेवलं ते सगळं पिळून बाहेर येतं. मिठाने मांसातली प्रथिनं थोडी विरघळतात, फुगतात आणि पाणी धरतात, म्हणूनच तर हॅमचा काप कोरडा न लागता घट्ट आणि रसदार लागतो. ते सगळं शिट्ट्यांमध्ये घालवायचं तर खारवण्याची मेहनत कशाला घ्यायची. धागे सोडवून खायचं मांस हवं असेल तर कुकर चालेल, काप हवे असतील तर नाही.

मोठ्या पातेल्यात रान ठेवा, बुडेल इतकं गार साधं पाणी, मीठ न घालता, आणि मंद आचेवर हळूहळू तापवा. मळी वर येईल ती काढा, मग कांदा, गाजर, मिरे, तमालपत्र, तुम्हाला आवडतात ते मसाले घाला. पाणी ८५ ते ९० अंशांवर ठेवायचं, म्हणजे पृष्ठभाग नुसता थरथरतोय आणि अधूनमधून एखादा बुडबुडा येतोय. रटरटायला लागलं की आच कमी. पाऊण तासाने पाणी चाखा, फारच खारट लागलं तर अर्धं काढून गरम पाणी घाला.

किती वेळ हे जनावराच्या वयावर आहे आणि इथे मी आकडा अगदी पक्का देऊ शकत नाही. कोवळ्या जनावराची रान आतून ७० अंशांना पोचली की कापायला तयार असते. वय झालेल्या जनावराच्या मांसातल्या शिरा आणि पडदे जास्त पक्के विणलेले असतात, ते विरघळून मऊ व्हायला आतलं तापमान ८५ च्या आसपास नेऊन तिथे बराच वेळ ठेवावं लागतं, अडीच किलोला ३ ते ४ तास सहज. घड्याळापेक्षा सळई बघा, जाड भागात घातली आणि फारसा जोर न लावता गेली की झालं. रंगावरून ठरवू नका, नायट्राइटमुळे हे मांस कच्चं असतानाही गुलाबी आणि पूर्ण शिजल्यावरही गुलाबी, रंग काहीच सांगत नाही. मात्र कापल्यावर मध्ये राखाडी ठिपका दिसला तर समजा तिथे नायट्राइट पोचलं नाही. वास चांगला असेल आणि मांस नीट शिजलं असेल तर ते खाता येतं, पण लवकर संपवा आणि पुढच्या वेळी तिथे सुई घाला. कापावर कधीकधी हिरवट-मोरपिशी चमक दिसते, ती तंतूंवरून उजेड फाकतो त्याची असते, तिला घाबरू नका. बुळबुळीत थर आणि वास असेल तर मात्र घाबरा.

ओव्हनमध्ये करायची असेल तर १५० अंशांवर, ट्रेमध्ये थोडं पाणी घालून वरून फॉइल घट्ट लावून, वेळ साधारण तेवढाच. बकऱ्याची रान चरबी कमी असल्यामुळे उघडी भाजली तर वाळून जाते. माझी आवडती पद्धत दोन्हीच्या मधली आहे: आधी पाण्यात शिजवून घ्यायची, मग पुसून मध-मोहरीचा पातळ लेप लावायचा आणि २०० अंशांवर १५-२० मिनिटं नुसता रंग येईपर्यंत. मध चटकन करपतो, समोरून हलू नका. ट्रेमधला रस ग्रेव्हीला घ्यायचा मोह होतो, आधी चाखून बघा, बहुतेक वेळा तो फार खारट निघतो.

शिजल्यावर आच बंद करून अर्धा-पाऊण तास त्याच पाण्यात राहू द्या, बाहेर काढून लगेच कापली तर रस वाहून जातो. पण रात्रभर पातेल्यात ओट्यावर ठेवायचं नाही, एवढं मोठं पातेलं तासन्‌तास कोमटच राहतं. काढा, वाफ जाऊ द्या, आणि फ्रिजमध्ये टाका. काप दुसऱ्या दिवशी थंड असताना करा, धारदार लांब सुरीने, तंतूंच्या आडवे आणि जमतील तितके पातळ. मटणाचा धागा जाड असतो, उभा कापलात तर इतकं सगळं करून शेवटी चावत बसाल.

फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने, त्यापुढे नको, मिठामुळे गोठवलेल्या मांसातली चरबीसुद्धा लवकर खवट होते. काप करून पातळ पाकिटांत हवा काढून ठेवा, अख्खा गड्डा गोठवू नका. शिजवलेलं पाणी फार खारट नसेल तर डाळ किंवा सूप शिजवायला घ्या, फक्त त्यात वेगळं मीठ शेवटी आणि चाखूनच घाला.